माल वाहणाऱ्या पिकअपला टीपीएमएस: आकडा आधी, सेन्सर नंतर

रिकाम्या पिकअपचं पुढचं चाक बसलं तर स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं आणि लगेच कळतं. मागे ट्रेलर जोडलेला असेल तर त्याचं चाक पार रिमवर आलं तरी पुढे बसलेल्याला पत्ता लागत नाही. आरशात धूर दिसतो, नाहीतर शेजारून जाणारा हात हलवून मागे बोट दाखवतो, तेव्हा उलगडा होतो. मागच्या जोडचाकांची गत त्याहून वाईट. आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरचा एकटा दोघांचा भार घेऊन उभा राहतो. गाडी सरळ दिसते आणि लाथ मारून पाहिलं तरी लाथ बाहेरच्या टणक टायरवरच बसते.

टायरच्या दाबावर चालत्या गाडीत नजर ठेवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, अशा न दिसणाऱ्या चाकांसाठी खरी कामाची. बसवायला ती अवघड नाही, चार चाकांचं काम तासाभरात उरकतं. मात्र सेन्सरला गाडीवर किती वजन आहे ते कळत नाही. त्याला फक्त दाब कळतो, आणि तो कमी की पुरेसा हे आपण भरलेल्या आकड्यावरून ठरतं. बहुतेक जण डबा उघडून सेन्सर चढवतात आणि आकडे कंपनीने दिलेले तसेच ठेवतात. मग दुपारभर यंत्र किरकिरतं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज बंद केला जातो. म्हणून या लेखात सेन्सर थोडा उशिरा येणार आहे.

गाडीत आधीपासून काय आहे

डॅशबोर्डवर टायरच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो म्हणून निश्चिंत राहू नका. काही गाड्यांत ही यंत्रणा अप्रत्यक्ष असते. चाकात सेन्सर नसतो. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, वेगमापकांवरून कुठलं चाक इतरांपेक्षा जास्त भरभर फिरतंय ते पाहिलं जातं, कारण हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित कमी होतो. चारही चाकांची हवा हळूहळू सारखीच उतरली तर अशा यंत्रणेला फरकच दिसत नाही, आणि पीएसआयचा (टायरचा दाब मोजायच्या एककाचा) आकडा तर ती देऊच शकत नाही.

चाकात सेन्सर असले तरी दिवा कधी लागतो ते बघा. अमेरिकेत २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांना टीपीएमएस सक्तीची आहे. तिथल्या नियमानुसार शिफारस केलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली गेल्यावर इशारा मिळायला हवा. १०,००० पौंडांवरच्या, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोंच्या वरच्या, एकूण वजनाच्या गाड्या आणि जोडचाकांच्या गाड्या या नियमात येत नाहीत. आता हिशोब करा: मागच्या टायरला ८० पीएसआय लागत असतील तर २५ टक्क्यांनी तो ६० वर येतो. पूर्ण भाराने ६० वर चालणारा टायर दिवा लागायच्या आधीच आतून भाजू लागलेला असतो. रोजच्या प्रवासी गाडीला हा नियम पुरतो, माल वाहणाऱ्या गाडीला नाही. आणि ट्रेलरच्या चाकांचं काय, हे पिकअपच्या मूळ यंत्रणेला बहुधा ठाऊकच नसतं.

गाडीत मूळ यंत्रणा असेल तर ती काढू नका. तिच्या जोडीला दुसरी बसवता येते आणि दोन्ही एकमेकींच्या आड येत नाहीत. फक्त व्हॉल्व्हची एक मेख आहे, ती पुढे सांगतो.

थंड दाबाचा आकडा

टीपीएमएसमध्ये भरायचा प्रत्येक आकडा थंड दाबावर आधारलेला असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे आणि टायरवर ऊन पडलेलं नाही. पहाटेची वेळ सगळ्यात चांगली.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी ही सुरुवात. तिथे पुढच्या आणि मागच्या चाकांचे दाब वेगवेगळे लिहिलेले असतील तर त्याला कारण आहे, ते सरसकट एक करू नका. टायर बदलून वेगळ्या मापाचे किंवा वेगळ्या भारश्रेणीचे टाकले असतील तर पट्टी जशीच्या तशी लागू पडत नाही. पिकअपच्या एलटी (हलक्या ट्रकच्या) टायरच्या कडेवर भारश्रेणीचं अक्षर असतं. सर्वसाधारण मापांत सी म्हणजे ५०, डी म्हणजे ६५ आणि ई म्हणजे ८० पीएसआयला टायर आपला पूर्ण भार पेलतो. कडेवर छापलेला मोठा आकडा हा त्या टायरचा पूर्ण भार आणि त्यासाठी लागणारा थंड दाब. तुमच्या गाडीला तेवढाच लागेल असं नाही.

खरा आकडा वजनकाट्यावर मिळतो. नेहमी जेवढा माल नेता तेवढा भरा, ट्रेलर जोडा आणि काट्यावर एकेका आसाचं वजन घ्या. ट्रेलरची दांडी मागच्या टोकाला दाबते तेव्हा पुढचा आस हलका होतो आणि मागच्यावर भार चढतो, म्हणून दोन्ही आसांचे आकडे वेगळे हवेतच. जमलं तर डावी-उजवी बाजूही वेगळी तोला. एका बाजूला पाण्याची टाकी किंवा हत्यारांची पेटी असेल तर फरक बघून चकित व्हाल. जड बाजूचा आकडा धरायचा आणि त्या आसाच्या सगळ्या टायरना तोच दाब ठेवायचा. मग टायर बनवणाऱ्याच्या भार-दाब तक्त्यात त्या मापासमोर आपलं वजन, म्हणजे एका टायरवर येणारा भार, शोधायचा. जोडचाकांसाठी तक्त्यात वेगळा रकाना असतो, कारण जोडीत प्रत्येक टायरची क्षमता एकट्यापेक्षा थोडी कमी धरतात. तक्त्यातला आकडा दाराच्या पट्टीपेक्षा कमी निघाला तर पट्टीच पाळा. ट्रेलरला त्याच्यासाठीच बनवलेले एसटी टायर असतील तर कडेवरचा पूर्ण दाब ठेवणं हीच रीत आहे.

कागदावर लिहून ठेवा: पुढे इतके, मागे इतके, ट्रेलरला इतके. उदाहरण म्हणून पुढे ६०, मागे ८० आणि ट्रेलरला ६५ धरू.

आता तापमान. लोकांना तोंडपाठ असलेला नियम साध्या कारच्या टायरचा आहे: ३५ पीएसआयच्या टायरमध्ये १० अंश सेल्सिअसला सुमारे पावणेदोन पीएसआयचा फरक. ८० च्या टायरमध्ये हवा जास्त कोंबलेली असते, म्हणून तोच फरक सव्वातीन पीएसआयपर्यंत जातो. पहाटे १० अंशांत ८० भरले आणि दुपारी सावलीत ३० अंश झाले, तर गाडी जागेवरून हललीही नाही तरी काटा ८६ च्या पुढे जातो. भार घेऊन तासभर धावल्यावर आतली हवा ६० अंशांवर पोचली की आकडा ९६-९७ होतो. टायर ठणठणीत आहे, हे असंच व्हायला हवं. हा गरम दाब बघून हवा सोडणारे महाभाग असतात. त्यांचा टायर दुसऱ्या दिवशी पहाटे ६५-६६ वर सापडतो आणि त्यावर ते परत माल लादतात.

सेन्सर आतला की टोपीचा

टोपीचा सेन्सर व्हॉल्व्हच्या झाकणाच्या जागी फिरवून बसवायचा. टायर खोलावा लागत नाही, सेल आपला आपण बदलता येतो आणि ट्रेलर बदलला तर सेन्सर काढून दुसरीकडे लावता येतो. तोटे असे: तो बाहेर असल्याने चिखल, दगड आणि चोर तिघांच्याही तावडीत असतो, हवा भरताना दर वेळी काढावा लागतो आणि त्यातलं रबरी वायसर कुजलं तर सेन्सरच गळतीचं कारण होतो. कारण हा सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतो. हवा अडवणारं काम मग त्या वायसरवरच येतं.

आतला सेन्सर रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी किंवा पट्ट्याने रिमला आवळून बसतो. हवा थेट मोजतो, मार खात नाही, दिसतही नाही. त्याचा सेल मात्र सीलबंद असतो. पाच ते दहा वर्षांनी संपला की अख्खा सेन्सर बदलायचा, म्हणजे टायर उतरवणं आलं.

माझं मत विचाराल तर नवे टायर घालायचेच असतील तेव्हा पिकअपला आतले बसवून घ्या, मजुरी एकदाच लागते. टायरचं अजून बरंच आयुष्य बाकी असेल, किंवा ट्रेलर आलटून पालटून ओढत असाल, तर टोपीचे घ्या. मिश्रणही चालतं, फक्त दोन्ही प्रकार ड्रायव्हरसमोरच्या एकाच पडद्यावर दाखवणारा संच हवा.

घेताना तीन गोष्टी पाहा. एक, सेन्सर वर किती दाबापर्यंत मोजतो. कारसाठी बनवलेल्या काही सेन्सरांची धाव ८० पर्यंतही पोचत नाही. तुम्हाला गरम दाबाच्याही वरची, निदान १२० पीएसआयची मर्यादा हवी. दोन, पुढच्या, मागच्या आणि ट्रेलरच्या आसाला वेगवेगळे इशारे लावता येतात का. सगळ्या चाकांना एकच आकडा मागणारा संच पिकअपला निरुपयोगी आहे. तीन, चाकांची संख्या: जोडचाकांचा पिकअप सहा, दोन आसांचा ट्रेलर चार, वर दोन्हीच्या स्टेपन्या, म्हणजे बारा. स्टेपनीला सेन्सर लावणं चैन वाटते, पण गरजेच्या वेळी स्टेपनीच बसलेली निघण्याचा अनुभव अनेकांच्या गाठीशी असतो.

व्हॉल्व्ह: इथे कंजुषी नको

टोपीचा सेन्सर जेमतेम १० ग्रॅमचा. पण ताशी १०० किलोमीटरला पिकअपच्या चाकात व्हॉल्व्हच्या जागी जो बाहेर फेकणारा जोर असतो, तो गुरुत्वाच्या जवळपास शंभरपट भरतो. म्हणजे ते १० ग्रॅम व्हॉल्व्हच्या टोकाला किलोभर होऊन लोंबकळतात, आणि गाडी थांबली की पुन्हा सैल. रबरी व्हॉल्व्ह या ओढाताणीत मुळाशी चिरतो. शिवाय साधा रबरी व्हॉल्व्ह सुमारे ६५ पीएसआयपर्यंतच्या थंड दाबासाठीच असतो. ८० च्या टायरला तो मुळात नकोच.

म्हणून टोपीचे सेन्सर लावणार असाल तर आधी धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. रिमचं भोक मोजायला सांगा: बहुतेक रिमना ११.५ मिलिमीटरचं असतं, काही जड पोलादी रिमना १५.७ चं. माप चुकलं तर कितीही आवळा, हवा झिरपत राहील.

आता ती मेख. गाडीत मूळचे आतले सेन्सर असतील तर त्यांचे व्हॉल्व्ह बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. त्यावर पितळी आट्यांचा टोपीचा सेन्सर लावला, तर ओलावा आणि मीठ लागून दोन धातू एकमेकांना धरतात. वर्षभराने सेन्सर काढायला गेलात की व्हॉल्व्ह तुटून हातात येतो आणि त्याच्याबरोबर आतला सेन्सरही जातो. अशा चाकांना टोपीचे लावू नका. मूळ यंत्रणेत त्यांचा दाब आकड्यात दिसत असेल तर तेवढ्यावर भागवा. नुसता दिवाच लागत असेल तर त्या चाकांचा दाब गेजने, म्हणजे हातातल्या दाबमापकाने, तपासत चला. टोपीचे सेन्सर ट्रेलरसाठी ठेवा.

जोडचाकांत आतल्या टायरचा व्हॉल्व्ह बाहेरच्या रिमच्या खिडकीतून हाताला लागला पाहिजे. त्यासाठी लांब, वाकवलेले धातूचे व्हॉल्व्ह मिळतात. जाळीदार नळीची लवचीक जोडणी स्वस्त असते, पण तिच्या टोकाला सेन्सर लटकवला की ती हलत राहते, रिमवर घासते आणि दोन्ही टोकांना गळायला लागते. नळी वापरायचीच असेल तर तिचं टोक रिमला पक्कं बांधा.

बसवणं

पहाटे, टायर थंड असताना सुरुवात करा. भरवशाच्या गेजने सगळ्या चाकांत ठरवलेला दाब भरा. यंत्राच्या आकड्यावर विसंबून हवा भरू नका. आधी गेज, मग यंत्राची गेजशी पडताळणी. एक-दोन पीएसआयचा फरक राहिला तर चिंता नको, फरक लिहून ठेवा.

सेन्सर चाकावर चढवतानाच पडद्याशी त्यांची ओळख करून द्या. पडद्यावर डावं पुढचं चाक निवडायचं, जोडणीचं बटण दाबायचं आणि मग तो सेन्सर त्या चाकाच्या व्हॉल्व्हवर फिरवायचा. दाब लागला की तो जागा होतो आणि संदेश पाठवतो. काही संचांत प्रत्येक सेन्सरवर क्रमांक असतो, तो टाइप करायचा. एका वेळी एकच सेन्सर हाताळा. सगळे टेबलावर ओतून बसलात तर उजवं मागचं आणि डावं मागचं यांची अदलाबदल ठरलेली. बारा चाकांचा संच असेल तर सेन्सरवर पक्क्या शाईने खुणा करा.

टोपीचा सेन्सर हाताने घट्ट होईल तेवढाच आवळा, पक्कड नको. चोरी रोखणारा नट सोबत आला असेल तर आधी तो व्हॉल्व्हवर खाली उतरवायचा, सेन्सर बसवायचा, मग पान्याने नट वर आणून सेन्सरला टेकवायचा. त्यानंतर साबणाचं पाणी. प्रत्येक सेन्सरच्या बुडाशी ब्रशने लावा आणि मिनिटभर बघा. एखादा बुडबुडाही सुटत असेल तर काढून वायसर बघा आणि परत लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आकडे पुन्हा वाचा. एखादं चाक इतरांपेक्षा तीन-चार पीएसआय उतरलं असेल तर गळती तिथेच आहे.

आतले सेन्सर टायरच्या दुकानातच बसवले जातील. तिथे दोनच गोष्टी बजावून सांगा: टायर उतरवताना पट्टी व्हॉल्व्हजवळ घालू नये, आणि नट टॉर्क पान्याने, सेन्सरबरोबरच्या कागदावर लिहिलेल्या जोरानेच आवळावा. पुढे कधी टायर काढला तर व्हॉल्व्हचं वायसर, नट आणि पिन नवी घालायची. काम झाल्यावर चाकाचं बॅलन्सिंग करून घ्या.

मूळ यंत्रणेतच नवे सेन्सर घालत असाल तर रेडिओची लहर जुळली पाहिजे. उत्तर अमेरिकेच्या गाड्यांत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झ असते, युरोपात आणि इतरत्र ४३३. लहर चुकली तर सेन्सर कितीही चांगला असो, गाडीला तो ऐकूच येणार नाही.

ट्रेलर लांब असेल तर

सेन्सरचा आवाज, म्हणजे रेडिओ संदेश, बारीक असतो आणि मध्ये पोलादी हौदा, माल, स्वतःच्याच रिमची भिंत. ट्रेलरच्या मागच्या आसाचे आकडे येऊन जाऊन दिसत असतील तर रिपीटर, म्हणजे तो संदेश पकडून जोरात पुढे पाठवणारं यंत्र, लावा. तो ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, जमिनीपासून उंच, पाणी उडणार नाही अशा जागी बसवायचा. वीज गाडी चालू असतानाच मिळणाऱ्या तारेवरून घ्या. सतत चालू तारेवर जोडला तर उभ्या ट्रेलरची बॅटरी तो हळूहळू पिऊन टाकतो. तारेला फ्यूज हवाच.

इशाऱ्याचे आकडे

कमी दाबाचा इशारा थंड दाबाच्या १० टक्के खाली लावा. आपल्या उदाहरणात मागे ७२, पुढे ५४, ट्रेलरला ५८-५९. सकाळी थंडी पडली आणि उभ्या गाडीत यंत्र वाजलं तर तो खोटा इशारा समजू नका. ३० अंशांत भरलेले ८० पीएसआय ५ अंशांत खरंच ७२ होतात, आणि भार लादण्याआधी हवा भरायला हवी असते.

जास्त दाबाचा इशारा २५ टक्के वर ठेवा, म्हणजे ८० ला १००. २० टक्के ठेवला तर ९६ येतो, आणि वर पाहिलं तसं निरोगी टायर तिथवर सहज जातो.

तापमानाचा इशारा बहुतेक संचांत ७० अंशांचा असतो, तो राहू द्या. टोपीचा सेन्सर खुद्द टायरचं तापमान मोजत नाही; त्याच्यापर्यंत वाऱ्याने निवलेली उष्णता पोचते. म्हणून त्या आकड्याचा उपयोग तुलनेसाठी. एकाच आसावरचं एक चाक दुसऱ्यापेक्षा १५ अंशांनी गरम दिसलं आणि त्या बाजूला ऊन नसेल, तर ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय का ते बघा. दाबाचं यंत्र म्हणून घेतलेली वस्तू अशी कधी बेअरिंगही वाचवते.

रस्त्यावर

पहिल्या फेरीत तासाभराने थांबून सगळे आकडे लिहून घ्या. ही तुमच्या गाडीची भरलेली, गरम अवस्था. पुढे कधीही याच्याशी ताडून पाहता येईल.

एक खाचखळगा ध्यानात ठेवा: गरमी गळती लपवते. ८० चा टायर तापून ९४ झाला, वाटेत खिळा लागून १५ पीएसआय गेले, तरी पडदा ७९ दाखवतो आणि ७२ चा इशारा गप्प असतो. जोडीचं चाक मात्र अजून ९४ वर आहे. म्हणून एकट्या आकड्याकडे न पाहता आसावरची दोन्ही बाजूंची चाकं शेजारी शेजारी वाचायची सवय लावा. वेगाने हवा जाऊ लागली की बरेच संच वेगळा इशारा लगेच देतात, तो पर्याय चालू ठेवा.

इशारा वाजला तर करकचून ब्रेक मारू नका. हळूहळू वेग उतरवा, सपाट आणि रुंद कडेवर थांबा. थांबल्यावर गेजने खात्री करा. थंड दाबाच्या २० टक्के खाली भाराने धावलेला टायर आतून निकामी झालेला असू शकतो. विशेषतः कडेत पोलादी दोऱ्या असलेला टायर परत हवा भरताना चेन उघडावी तसा फाटतो आणि समोरच्याला जिवावर बेततं. त्यात तिथेच हवा मारू नका. स्टेपनी लावा आणि तो टायर दुकानात उतरवून आतून तपासून घ्या. दुकानात तो फुटला तरी इजा होऊ नये म्हणून लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरला जायला हवा.

थर सुटत चाललेला जुना टायर किंवा खड्ड्यात आपटून क्षणात फुटणारा टायर यंत्र आधी सांगू शकत नाही. निघण्यापूर्वी चाकांभोवतीची फेरी चुकवू नका.

नंतरची निगा

टोपीच्या सेन्सरांत बहुधा सीआर-१६३२ सारखा बटण सेल असतो. तो वर्ष-दोन वर्षं चालतो, आणि सगळे एकदमच बदलायचे. त्याच वेळी आतलं वायसरही नवं घाला. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तर सेन्सर काढून साध्या टोप्या लावा. सेल वाचतो आणि गळतीची एक शक्यता कमी होते. पंक्चर झाल्यावर आत ओतायचं द्रव शक्यतो टाळा, सेन्सरचं बारीक भोक त्याने बुजू शकतं.

चाकांची अदलाबदल केली की पडद्यावरच्या जागाही बदला. हे हटकून विसरलं जातं, आणि मग यंत्र उजवं मागचं म्हणत असतं तेव्हा हवा डाव्या पुढच्याची गेलेली असते.